सात पेट्यांचा जावई

डॉक्टर उकिडवे कुणावर रागावत नसत. म्हणून ते देवमाणूस होते असं नाही. रागावण्याआधी समोरच्याच्या बाजूने विचार करायचा असा त्यांचा नेम होता, आणि तो विचार संपेपर्यंत समोरचा घरी जाऊन जेवलेला असायचा. एकदा चैतू गायत्याच्या बकरीने त्यांच्या वहीची तीसेक पानं खाल्ली. मी काठी घेऊन धावलो, तर डॉक्टरांनी माझाच हात धरला.

“थांबा गुरुजी. तिच्या दृष्टीने तो पालाच आहे.”

ती दोन महिन्यांची मेहनत होती. माडिया लोक काय खातात, कसं खातात, याच्या नोंदी होत्या. बकरीने शेवटचं पान संपवलं तेव्हा डॉक्टरांनी नव्या वहीत पहिली नोंद केली, ती बकरीची.

असा हा सज्जन माणूस एका पोरीचं ठरत आलेलं लग्न मोडायला निघाला होता, आणि त्याचा त्याला पत्ताही नव्हता. ते प्रकरण मला सांगायचंच आहे. पण आधी माणूस कळला नाही तर ते कुणाला खरं वाटणार नाही.

तेव्हा चांदा जिल्हा एकसंध होता, गडचिरोली त्यातलाच मुलूख, आणि कारभार मध्यप्रदेशाच्या नावाने नागपुरातून चालायचा. मी जनपदच्या, म्हणजे तालुक्याच्या कारभाऱ्यांनी चालवलेल्या शाळेचा मास्तर. माझी नेमणूक अहेरीच्या पलीकडे पुंगारटोल्याला झाली होती. तिथे शाळा होती, फळा होता, मी होतो. मुलं तेवढी नव्हती. ती मोहफुलं वेचायला, गुरं राखायला, मासे धरायला जात. मी स्वतः नागभीडकडच्या ढिवराच्या घरचा. मासे धरणाऱ्या पोरांना तिथून उठवून वर्गात आणणं माझ्या जिवावर यायचं. वर्षभरात त्यांना अ आ इ आली नाही, मला मात्र त्यांची बोली आली, आणि त्यामुळेच डॉक्टर आले तेव्हा दुभाषा म्हणून मला जुंपण्यात आलं. गावकऱ्यांचं बोलणं मी पुढे माझ्या झाडी बोलीत सांगतो आहे; त्यांच्या तोंडची चव थोडी तरी त्यातच उतरेल.

डॉक्टर पुण्याचे. माणसांच्या रीतीभातींचा अभ्यास करायचं शास्त्र ते विलायतेत शिकून आले होते. चाळिशीच्या आत-बाहेर, अंगाने काडी, जाड भिंगांचा चष्मा, खाकी अर्धी चड्डी. आडनाव उकिडवे, पण उकिडवं बसणं त्यांना काही जमलं नाही. दोन मिनिटांत मागे कलंडत. गावाची बैठक असली की डॉक्टर कधी कलंडतात याची पोरंटोरं वाट बघत बसत, आणि ते कलंडले की उठून जात.

दोन बैलगाड्यांतून सात पत्र्याच्या पेट्या घेऊन ते आले, आणि पहिल्याच संध्याकाळी गावाने त्यांना विचारलं, देव किती? त्या मुलखात माणसाची ओळख तिथून सुरू होते. कुणाच्या घराण्याचे चार देव, कुणाचे पाच, कुणाचे सहा, कुणाचे सात. ज्यांचा आकडा सारखा ते भाऊ-भाऊ. त्यांच्यात लग्न होत नाही. आकडा वेगळा असला की सोयरीक जमते, आणि सोयऱ्याची थट्टा चालते. ज्याचा आकडाच माहीत नाही त्याची थट्टा करावी की त्याला मान द्यावा हे कळत नाही, आणि सगळ्यांचीच पंचाईत होते.

डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, “तेहतीस कोटी.”

कोटीचं भाषांतर करता करता मला घाम फुटला. शेवटी म्हटलं, या जंगलात जितकी पानं तितके. गावाने वर झाडांकडे बघितलं. मग चैतू गायता, म्हणजे गावाचा पुजारी, म्हणाला, “इतक्या देवायले कोंबड्या कुठून पुरतीन? याच्या घरच्यायनं मोजनंच सोडून देल्लं असन.”

त्यावर पुष्कळ खल झाला. माणूस वाईट नाही, मोजायला कच्चा आहे, असं ठरलं. अखेर कुणीतरी उठून पेट्या मोजल्या. सात पेट्या, म्हणून देव सात. चैतूचे देव सहा, तेव्हा डॉक्टर चैतूच्या सोयऱ्यांत जमा झाले. डॉक्टरांचा आनंद काय वर्णावा.

“एका बैठकीत यांनी मला नात्यात बसवलं, गुरुजी. मुंबईत तीन वर्षं राहिलो, शेजारच्या खोलीत कोण होतं ते मला अजून ठाऊक नाही.”

‘जसा देश तसा वेश’ ही म्हण त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. म्हणायचे, वेश काय, नाटकातला राजाही बदलतो. त्यांची स्वतःची म्हण वेगळी होती: “आपली पायली घरी ठेवून यायचं.” म्हणजे आपल्या मापाने दुसऱ्याचं धान मोजायचं नाही. हे मला शिकवण्यासाठी त्यांनी एक बांबूचा नळा भिंतीला टांगला होता. ‘अडाणी’, ‘रानटी’, ‘घाणेरडं’ यांतला एखादा शब्द माझ्या तोंडून गेला की मी त्यात एक चिंचोका टाकायचा. पहिल्या आठवड्यात नळा भरला. दुसऱ्या आठवड्यात मी तोंड आवरायला शिकलो. महिन्याभराने मला ते शब्द आठवेनासेच झाले, आणि लाल मुंग्यांची जी चटणी मी आधी थुंकून टाकली होती ती मी मागून घेऊ लागलो. माझा बाप हे बघायला नव्हता ते बरं झालं.

नियम सगळ्यांना सारखा, यात डॉक्टर फार कडक. त्यांच्याकडे माणसाच्या डोक्याची मापं घ्यायचा एक पोलादी चिमटा होता. तो ते गावातल्या प्रत्येकाला लावत. उन्हाळ्यात एकदा विकासाच्या कामावरचे एक साहेब जीपमधून आले. साबणाची खोकी आणली होती. लोकांना रांगेत उभं करून ते स्वच्छतेवर तासभर बोलले. डॉक्टर कडेला टिपणं घेत होते. लोकांची नव्हे, साहेबांची. भाषण संपल्यावर त्यांनी अदबीने साहेबांना खाटेवर बसवलं आणि चिमटा त्यांच्या कानशिलांना लावला.

“आपल्या लोकांत हा साबण मुलाला कितव्या वर्षी देतात?” त्यांनी विचारलं. “देताना काही म्हणावं लागतं का?”

साहेबांना हलता येत नव्हतं. “तसं काही नसतं हो.”

“आणि न लावणाऱ्याला पंगतीत घेतात?”

साहेब विचारात पडले. जाताना त्यांनी हळूच विचारलं, माप चांगलं आलं ना? डॉक्टर म्हणाले, चांगलं-वाईट काही नसतं, नुसतं माप असतं. साहेबांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला, पण तोंड उतरलं ते उतरलंच.

सुट्टीत मी त्यांना माझ्या घरी घेऊन गेलो होतो. आमच्या आईने तलावातल्या मासोळीचा रस्सा केला. डॉक्टर दोनदा भात मागून जेवले, आणि जी गंभीर मुद्रा करून चैतूला देवांचं विचारत, त्याच मुद्रेने आईला विचारू लागले, बाई, सून नवऱ्याचं नाव का घेत नाही? घेतलं तर नेमकं काय होतं? आईने थोडा वेळ सहन केलं.

“ते राहू द्या, भाऊ. तुमी अजून लगन काऊन नाई केलं?”

“त्याचं असं आहे बाई, लग्न ही एक संस्था आहे. तिचा मी...”

“मंग संस्थेसंग नोका करू. पोरीसंग करा.”

डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि हेही लिहून घेतलं. आई मला आत बोलावून म्हणाली, मानूस भला हाये, पन याच्यावर ध्यान ठेव, हा कुठीतरी फसन.

ते फसूनच बसले होते, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

गावात आलेल्या पाहुण्याने गोटुलात उतरायचं ही तिथली रीत. गोटुल म्हणजे गावातल्या तरुण पोरांची एकत्र बसायची, निजायची जागा; पाहुण्यालाही तीच. पण डॉक्टरांना पाहुणा व्हायचंच नव्हतं. पाहुण्याला माणसं खरं सांगत नाहीत, घरात राहून घरच्यासारखं राबलं तरच ती कळतात, असं ते म्हणत. म्हणून ते चैतूच्या पडवीत राहिले, त्याच्या घरचं जेवले, आणि मोबदल्याचा शब्द न काढता त्याच्यासाठी राबू लागले. लाकडं फोडली, कुंपण घातलं, धान राखलं. सगळं वाईट केलं, पण केलं. कुऱ्हाडीचे चार दांडे मोडले. धान राखायला माचीवर बसवलं तर पोपटांचे आवाज लिहून घेत बसत, आणि पोपट दाणे खात बसत. चैतू दिवसेंदिवस अवघड काम सांगू लागला. पहाडावरून बांबू आण, दगड फोड, काट्यांचे भारे वाहा. डॉक्टर सोललेल्या हातांनी मला सांगायचे, “विश्वास बसत चाललाय त्याचा माझ्यावर.”

त्यात त्यांच्या अभ्यासाचा विषय निघाला लमसेना. लमसेना म्हणजे घरजावई व्हायला निघालेला उमेदवार. ज्याच्याजवळ लग्नाला द्यायला काही नाही तो पोरगा पोरीच्या बापाच्या घरी राहतो, तिथेच जेवतो, काही वर्षं फुकट राबतो, आणि बाप खूश झाला की लग्न लागतं. डॉक्टरांनी यावर चैतूला तीन दिवस प्रश्न विचारले. लमसेना कुठे निजतो? पडवीत. सासरा त्याला कसं वागवतो? पोटभर देतो, काम सांगतो. चैतू प्रत्येक उत्तर देताना त्यांच्याकडे चमत्कारिक नजरेने बघत होता. एकदा मध्येच त्याने मला विचारलं, “याले जेवन कमी पडून राह्यलं का? सिधं सांगत काऊन नाई?” मी हे भाषांतर करून सांगितलं. डॉक्टरांनी लिहिलं: सासऱ्याला लमसेन्याच्या पोटाची काळजी असते.

आणि मग एका सकाळी चैतूची पोरगी सोमी शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. अठरा-एकोणीस वर्षांची, खांद्यावर कुऱ्हाड. शाळेत ती कधी आली नव्हती. माझ्या मोकळ्या वर्गाकडे तिने एकदा नजर टाकली.

“गुरुजी, तुमचा तो जवाई कधी पळते?”

“कोणाचा जवाई?”

“आमचा. चष्म्यावाला.”

मी खुर्चीवरून उठलोच. तिने एका दमात सगळं सांगितलं. पलीकडच्या गावचा मंगरू आणि ती यांचं दोन वर्षांपासून ठरलेलं. मंगरूजवळ दोन हात, दुसरं काही नाही. तो लमसेना राहायला चैतूकडे तीनदा आला, आणि चैतूने तीनदा परत पाठवला, कारण पडवीत एक लमसेना होताच, आणि एका पोरीसाठी दोन राहत नाहीत.

“बाबाले तो एका डोळ्यानं नाई आवडत. पन सासऱ्यानं हाकलला तं सासऱ्याचीच लाज जाते. त्यानं सोताच पळाले पायजे. म्हनून बाबा त्याले पहाडावर धाडते, काटे वाहाले लावते. दुसरा कोनी आठ दिवसात पळाला असता. हा हासत वापस येते अन् म्हनते, उद्या काय?”

“अन् मंगरू?”

“होळीपर्यंत थांबतो म्हनला. मंग घुग्घुसकडं खानीत जाते. तिकडं गेलेला पोरगा वापस नाई येत, गुरुजी.” तिने कुऱ्हाड दुसऱ्या खांद्यावर घेतली. “त्याले सांगा, पळ म्हना.”

होळी पंधरा दिवसांवर होती.

डॉक्टर कुंपणाशी झटत होते. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. आधी त्यांचा चेहरा उजळला. “काय सुंदर आहे हे! म्हणजे मी आतून...” मग एकेक गोष्ट डोक्यात उतरली तसे ते पांढरे पडले आणि कलंडले. या वेळी उकिडवे बसलेलेही नव्हते.

मी म्हटलं, यात काय, चैतूला सरळ सांगू. हा अभ्यासाला आलेला माणूस आहे, त्याचा लग्नाचा इरादा नाही, तुमची रीत त्याला लागू नाही. मग सर, तुम्ही गोटुलात राहायला जा, अभ्यास चालू ठेवा.

“नाही गुरुजी,” ते म्हणाले. “लाकूड मी फोडलं. ते कशासाठी फोडलं हे मी नाही ठरवायचं, ज्या गावात फोडलं ते गाव ठरवणार. उद्या माझ्या सोयीचं नाही म्हणून मी माझी पायली काढायची, तर तुमच्याकडून एवढे चिंचोके कशाला भरून घेतले?”

मला संताप आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी आवाज चढवला. “मग करा लग्न. रीतच आहे ना?”

“तिला नको आहे.”

“हे कुठल्या शास्त्रात बसतं?”

“शास्त्रात नाही बसत. पण दिसतंय मला.”

त्यांनी आपलीच वही काढली आणि लमसेन्याचं प्रकरण उघडलं. पळालेल्या लमसेन्याबद्दल चैतूने सांगितलेलं सगळं त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं. पळाला की पोरगी मोकळी. बापाला कसलाही बट्टा नाही. पळालेल्याने मात्र गावची नदी पुन्हा ओलांडायची नाही, कधीच. बायका त्याच्यावर गाणं रचतात. नदीपलीकडे दिसला तरी गातात, चिखल फेकतात, आणि त्याने पुन्हा पळायचं.

त्यांचं काम अर्धंही झालं नव्हतं. ज्या मोठ्या देवजत्रेसाठी ते आले होते ती पुढल्या वर्षी होती. त्यांनी वही मिटली आणि बराच वेळ मिटलेल्या वहीवर हात ठेवून बसले. त्या माणसाला एवढं एकच गाव होतं, हे मला तेव्हा कळलं.

पण डॉक्टर ते डॉक्टर. दुसऱ्या दिवशी ते चैतूकडे गेले आणि पळून जायची बरोबर पद्धत काय, हे विचारू लागले. चैतूचा आधी विश्वास बसेना. मग इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून हसला आणि सगळं समजावून सांगितलं. सूर्य उगवताना पळायचं. निरोप घ्यायचा नाही. पळताना कुणी बघायचं नाही, कारण बघितलं तर अडवावं लागतं. सात पेट्या घेऊन पळता येत नाही, तेव्हा त्या मी मागाहून गाडीने पाठवाव्यात असं ठरलं.

पळायच्या सकाळी डॉक्टर झोपून राहिले. सूर्य वर यायला लागला तसा चैतूच पडवीत आला आणि त्यांना गदागदा हलवू लागला.

“ऊठ गा. पळाचं हाये ना?”

त्यांच्या उशाशी आंबिलीने भरलेला वाळक्या भोपळ्याचा तुंबा होता. तो चैतूच्या बायकोने ठेवला होता, तोंड दुसरीकडे करून. बाहेर सगळं गाव पाठ फिरवून उभं होतं. तोंड करून उभा असा मी एकटा, कारण मी कुणाचाच सोयरा नव्हतो. डॉक्टर खांद्याला तुंबा अडकवून धावत सुटले, आणि घाबरून नदीऐवजी पहाडाच्या वाटेला लागले. पाठमोऱ्या गावाने पावलांचा आवाज ऐकला आणि एका सुरात ओरडलं, “डावीकडं.” डॉक्टर वळले. मग पाण्यातून जाताना छपछप आवाज आला, आणि गावाने तोंड फिरवलं. दुपारी मंगरू कुऱ्हाड घेऊन चैतूच्या दारात आला.

लमसेन्याला पाच-सात वर्षंही राबावं लागतं. मंगरूला एकच वर्ष लागलं. आधीच्या जावयाने चैतूची हौस फेडली होती. पुढल्या वर्षी धान निघाल्यावर लग्न लागलं. ढोल वाजत होते, मीही थोडी मोहाची घेतली होती. दुपारी बायकांचा मेळा नदीवर आला आणि एकदम थबकला. पलीकडच्या काठावर दगडावर डॉक्टर उकिडवे बसले होते. पांढरा सदरा, लांब विजार. हातात वही नव्हती. लग्नाची बातमी मीच पत्राने कळवली होती, पण ते एवढ्या लांबून येतील असं वाटलं नव्हतं.

मी पाणी ओलांडून त्यांच्याकडे गेलो. इकडे बायकांनी गाणं धरलं.

“काय म्हणतायत?”

“तुमचंच आहे, सर.”

“शब्द सांगा.”

मी सांगितले. लाकूड फोडायला गेला, दांडा मोडून आला. धान राखायला बसला, पोपटाला नाव विचारलं. पोरगी दिली नाही म्हणून पळाला, आणि वाटही चुकला, असा आमचा जावई.

“साहेब म्हणतात का मला? पुणेवाला वगैरे?”

“नाही.”

“नीट ऐका बरं.”

मी नीट ऐकलं. “जावई म्हणतात. आमचा जावई. दुसरं काही नाही.”

त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसायचं विसरून तसाच हातात धरून बसले. मी म्हटलं, “तुम्ही कशासाठी पळालात ते मी जाऊन सांगतो त्यांना.”

“नको. ठाऊक आहे त्यांना. गाण्यात ते घालत नाहीत, इतकंच.”

तेवढ्यात हळदीने माखलेली सोमी मेळ्यातून पुढे आली. गुडघाभर पाण्यात उतरली, तळातला चिखल मूठभर उचलला, नेम धरला आणि फेकला. तो डॉक्टरांच्या सदऱ्यावर बरोबर छातीशी बसला. पलीकडे हशा पिकला.

“आता पळायचं ना, गुरुजी?”

“हो. तसंच आहे.”

डॉक्टरांनी चष्मा घातला आणि पळाले. सागाच्या झाडांतून तो पांढरा सदरा खालीवर होत जात होता, आणि बायका टाळ्या पिटून गात होत्या. चढावर एका मुळाला अडखळून ते पडले. गाणं थांबलं. सगळ्या जणी माना उंच करून बघत राहिल्या. ते उठले, गुडघे झाडले, चष्मा शोधून घातला आणि पुन्हा पळू लागले, तेव्हा सोमीने पुढचं कडवं धरलं.